स्क्रीनची उजवी कड

"सही आहे. पण..."

एवढं बोलून तो थांबायचा. डाव्या हातात पोह्यांची प्लेट, पहिला घास तोंडात, डोळे मिटलेले आणि उजव्या हाताचं एक बोट वर. ऑफिसच्या कोपऱ्यावरच्या ठेल्याभोवती आम्ही सहा-सात जण त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला उभे असायचो. ठेलेवालासुद्धा झारा तसाच धरून बघत राहायचा.

"सही आहे. पण वाफ कमी दिली आज. पोहे वाफेवर होतात भिया, घाईवर नाही."

"अरे भिया, भीड़ थी आज," ठेलेवाला ओशाळून म्हणायचा. आणि दुसऱ्या दिवशी खरंच पोह्यांना जास्त वाफ असायची.

त्याचं खरं नाव हजेरीत होतं, पगाराच्या स्लिपवर होतं, पण तोंडात कुणाच्याच नव्हतं. इंदूरमध्ये येणारा-जाणारा प्रत्येक जण भियाच, म्हणजे भाऊच असतो. आमच्या ऑफिसात मात्र 'भिया' म्हटलं की एकच मान वर व्हायची. मी वयानं त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून मी त्याची ताई. मीही त्याला भियाच म्हणायची.

आमचं ऑफिस शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतं. हजेरी, फी, निकाल, असलं सगळं. नवीन काही तयार झालं की ते आधी त्याच्याकडे जायचं. तो टेस्टिंगला होता. कुठं काय बिघडतं ते शोधायचं, हे त्याचं काम. आणि कुठलं बटण दाबल्यावर काय होतं, याची चित्रांसकट पुस्तिका लिहायची, हे माझं. त्यामुळे आमची टेबलं शेजारी शेजारी होती. तो मधे, त्याच्या डाव्या हाताला मी.

"चुका शोधण्याचाच पगार मिळतो ताई मला," तो म्हणायचा, "आणि लोक समजतात माझा स्वभावच तसा आहे."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याला विचारल्याशिवाय घरात नवा फोन येत नाही, टीव्ही येत नाही, मिक्सरसुद्धा येत नाही. आमच्याकडे तो हा होता. मी एकदा फोन घ्यायचा ठरवला तर यानं दुकानातच माझी उलटतपासणी घेतली.

"कॅमेरा भारी पाहिजे म्हणता. फोटो कशाचे काढता तुम्ही?"

मी जरा विचार केला. लेक बंगलोरला असते, तिला पाठवायला मी लोणच्याच्या बरण्यांचे फोटो काढते, ते सांगितलं.

"बरणीला काय करायचाय एवढा कॅमेरा? बरणी हलते का?" त्यानं विक्रेत्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि परत शोकेसमध्ये ठेवला. "तो खालचा दाखव."

हॉटेलांबद्दल त्याचे नियम होते. मेन्यू आठ पानांचा असेल तर उठायचं, कारण आठ पानं कुणालाच नीट येत नसतात. जिथं वेटर 'सब अच्छा है' म्हणतो तिथं फक्त चहा घ्यायचा. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गेलं तर एका दुकानात एकच पदार्थ. गेमबद्दलही असंच. पैसे भरून ताकद विकत घेणाऱ्याला तो खेळाडू म्हणायचा नाही, गिऱ्हाईक म्हणायचा. मला गेममधलं काही कळत नाही. पण दुपारच्या सुट्टीत तो काल संध्याकाळी कसा हरला किंवा जिंकला ते इतकं रंगवून सांगायचा की डब्यातली पोळी हातात राहायची.

जुन्या इंदुरात त्याचं घर होतं. तो आणि आई, दोघंच. आजोबा संस्थानच्या काळात कचेरीत कारकून होते, तेव्हापासूनचं घर. घरात मराठी, पण याच्या मराठीत दर तिसरा शब्द हिंदी. पुण्याचे पाहुणे आले की मी आपलं जपून बोलते. तो कुणापुढेच जपून बोलायचा नाही.

एका रविवारी मी त्याला घरी बोलावलं. बाबांसाठी.

बाबांना काचबिंदू होता, इकडे ज्याला काला मोतिया म्हणतात तो. त्यात नजर कडेकडेनं जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला कळतच नाही, आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच मधलं दिसायचं राहतं. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याआधी दोन वर्षं बाबा ताटाजवळचे पेले सांडत होते, दाराच्या चौकटीवर खांदा आपटत होते, बाजूनं हाक मारली की अख्खी मान वळवून बघत होते, आणि आई त्यांच्यावर ओरडत होती. हे सगळं मी रोज बघितलेलं आहे. नंतर डॉक्टरांनी एकेक लक्षण विचारलं तेव्हा मीच 'हो, हो' म्हणत होते.

तर बाबांना पेपर वाचता येईना. भिया म्हणाला, फोनला बोलायला लावू. आला, बाबांच्या पलंगावर पाय दुमडून बसला आणि दोन तास उठला नाही. फोन मराठी बातम्या वाचून दाखवायला लागला, तो असल्या आवाजात की बाबांना हसू आवरेना.

"सही आहे काका, पण बाई जरा रागावलेली वाटते. थांबा, दुसरी बघू."

त्यानं तीन आवाज बदलून बघितले. बाबांनी शेवटी एका पुरुषाचा आवाज पसंत केला. मग बाबांचं बोट हातात धरून, कुठं दोनदा टिचकी मारायची, कुठं सरकवायचं, हे त्यानं वीस-पंचवीस वेळा करून घेतलं. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "हा मुलगा घाई करत नाही."

जाताना तो दारात बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता त्यानं विचारलं, "ताई, काकांना सुरुवातीला काय व्हायचं? मतलब, समजलं कसं?"

गॅसवर दूध होतं. "काही नाही रे, वयाचं असतं ते," मी म्हणाले आणि आत गेले.

त्या वेळी त्याला स्वतःबद्दल काही शंका आली होती का, हे मला आजही माहीत नाही. मी पुढे कधी विचारलं नाही. पण दूध उतू गेलं असतं तर चाललं असतं, एवढं आता वाटतं.

बाबा त्या हिवाळ्यात गेले. तो स्मशानात आला होता, तेराव्यालाही आला होता.

त्यानंतरच्या वर्षभरात ऑफिसात त्याच्यावर हसायला आम्हाला नवीन नवीन कारणं मिळत गेली. टेबलाच्या कडेला ठेवलेला चहाचा कप तो कोपरानं उडवायचा. एकदा माझ्या पुस्तिकेच्या प्रतींवर सगळा चहा. काचेच्या दाराची अर्धी बाजू बंद असली की तो नेमका त्याच बाजूला जाऊन धडकायचा. "फोनमधून डोकं काढ," असं सगळे म्हणायचे, आणि खरंच फोन त्याच्या हातात असायचा. कॉरिडॉरमध्ये ऑफिसचे प्रमुख, आमचे सर, बाजूनं गेले, यानं नमस्कार केला नाही. भियाला हवा लागली, असं लोक म्हणाले.

त्याचे डोळे लाल असायचे, खाजायचे. दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी परत स्क्रीन. तो मेडिकलमधून थेंब आणायचा आणि खुर्चीत मागे मान टाकून दोन्ही डोळ्यांत घालायचा. "एकदम ठंडक, ताई. मस्त चीज आहे." त्याच्या मतांमध्ये 'पण' न लागलेली ती बहुधा एकच वस्तू.

गेममध्ये तो आता हरायला लागला होता.

"साईडने येऊन मारतात, ताई," तो जेवताना सांगायचा. "येताना दिसतच नाहीत. कंपनीनं नव्या गेममध्ये व्ह्यूच छोटा ठेवलाय. बेकार काम."

त्यानं मोठा, वाकडा, रुंद स्क्रीन घेतला. महिनाभर अभ्यास करून. दोन आठवड्यांत विकून टाकला. त्यातही कडेचं दिसत नाही म्हणाला. मग कंट्रोलर बदलला. मग खुर्ची मागे घेतली. दर वेळी खोट कुठल्यातरी वस्तूत निघायची.

कुणाच्या तरी बढतीची पार्टी होती, संध्याकाळी, नव्या झगमगत्या हॉटेलात. आत दिवे अगदी मंद. भिया दारातूनच मागे फिरला. "अंधारात बसून खायला आपण काय चोरी केलीय? जेवण दिसायला पाहिजे भिया." सगळे खो खो हसले. पुढे कितीतरी दिवस कुठंही बल्ब गेला की ऑफिसात कुणीतरी ते वाक्य म्हणायचं. मीही म्हटलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हिच्या घरी तर हेच झालेलं, हिला कळलं नाही? मीही स्वतःला हेच विचारते. कळलं होतं असं मी म्हणणार नाही. पण दिसलं होतं. म्हाताऱ्या बापाचं दुखणं पस्तिशीच्या हसऱ्या, धडधाकट माणसाला असेल, हे मनात आलं नाही. की येऊ दिलं नाही, कोण जाणे.

मग ते निकालाचं प्रकरण झालं.

निकालाचा नवा प्रोग्रॅम एका शाळेला दिला होता. गुणांचे रकाने सरकले तर स्क्रीनच्या उजव्या कडेला लाल अक्षरांत सूचना येईल, अशी त्यात सोय होती. टेस्टिंगच्या वेळी रकाने सरकले होते, सूचना आली होती, आणि तरी भियानं 'ठीक' असा शेरा देऊन प्रोग्रॅम पुढे पाठवला. शाळेनं निकाल लावला तेव्हा विज्ञानाचे गुण संस्कृतात आणि संस्कृतचे गणितात. पहिल्या येणाऱ्या मुली नापास. शाळेच्या गेटवर आई-बाप गोळा झाले. दुसऱ्या दिवशी सगळं दुरुस्त झालं, पण तोवर शाळेत रडारड होऊन गेली होती.

सरांनी मीटिंग बोलावली. सगळ्यांसमोर.

"ये दिखा नहीं तुम्हें?"

"सर, मेरी स्क्रीन पर था ही नहीं," भिया म्हणाला.

त्याचाच कॉम्प्युटर आत आणला. तीच फाईल उघडली. उजव्या कडेला लाल ओळ होती, आम्हा सगळ्यांना टेबलापलीकडून वाचता येत होती. भिया समोर बघत राहिला. "नहीं है," म्हणाला. मग कुणीतरी बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्यानं चेहरा उजवीकडे नेला, आणि गप्प झाला. खोटं पकडलं गेल्यावर माणूस होतो तसा, असं आम्हाला वाटलं.

सर माझ्याकडे वळले. माझ्या पुस्तिकेत त्याच स्क्रीनचं चित्र होतं, त्याच्याच कॉम्प्युटरवरून घेतलेलं. "मॅडम, आपको तो दिखा था?"

"हाँ सर, था," मी म्हणाले. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण मला वाटलं आता आपल्यावरही येईल, पुस्तिका करताना तुम्ही का नाही सांगितलं म्हणून. मी पुढे बोलले, "इसका ध्यान ही नहीं रहता आजकल, सर. दिनभर दिमाग़ में गेम."

दोघं-तिघं हसले.

मी नेहमीप्रमाणे त्याच्या डाव्या हाताला बसले होते. त्यानं माझ्याकडे बघायला मान वळवली. नुसते डोळे नाही, अख्खी मान, खांद्यापर्यंत, माझा चेहरा समोर येईपर्यंत. तशी वळणारी मान मी आमच्या घरात वर्षानुवर्षं बघितली होती. मी माझ्या कागदांकडे बघायला लागले.

त्याला काढलं नाही. टेस्टिंगवरून हलवून शाळांच्या तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. दीड महिन्यानं त्यानंच राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी "येतो ताई" म्हणाला, मी "ये" म्हणाले. त्याची खुर्ची रिकामी झाली आणि पोह्यांच्या ठेल्यावर आम्ही लवकर खाऊन लवकर परतायला लागलो.

वर्ष गेलं असेल. बाबांचा काचबिंदू म्हणून मला दरवर्षी डोळे तपासून घ्यायला सांगितलेलं आहे, आणि मी ते नेमानं करते. दवाखान्यात एक अंधारी खोली असते. तिथल्या मशीनच्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून, हनुवटी टेकवून, समोर बघत बसायचं. आजूबाजूला बारीक ठिपके चमकतात. ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर माझ्या नंबराची वाट बघत होते. दार अर्धवट उघडं होतं.

"दिखे तो दबाना है भैया. आप दबा ही नहीं रहे."

"दिखेगा तो दबाऊँगा ना," आतून आवाज आला.

तो आवाज मी ओळखला.

तो भिंतीला हात लावत बाहेर आला. मी उठून त्याच्या अगदी समोर गेले. त्याला मी दिसले तेव्हा त्याचा चेहरा पूर्वीसारखा उजळला. "अरे, ताई! तुम्ही पण? हा गेम खेळलात का? ग्राफिक्स एकदम बकवास. आणि आपण हरून राहिलो."

आम्ही बाकावर बसलो. त्यानं हातातला रिपोर्ट मला दिला. दोन डोळ्यांचे दोन गोल, जवळजवळ सगळे काळे, मधे जरासं पांढरं. बाबांच्या फाईलमध्ये असले कितीतरी होते.

"थेंबांनी झालं म्हणतात," तो म्हणाला. "त्यात स्टेरॉईड होतं. चार-पाच वर्षं घालत होतो ना रोज. हेडफोन घेताना सहा महिने वाचत बसायचो, ताई. ती बाटली एकदा उलटी करून नाही वाचली." मग म्हणाला, "डॉक्टर बोलले, दोन वर्षं आधी आला असता तर पुष्कळ वाचलं असतं. गेलेलं येत नाही. आहे तेवढं सांभाळायचं."

दोन वर्षं. मी मनात मागे गेले आणि बरोबर त्या चहाच्या कपांपाशी, काचेच्या दारापाशी येऊन पोचले.

मी ते त्याला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, पण न सांगता त्याच्या शेजारी बसवेना. "मला दिसत होतं रे. बाबांचं असंच व्हायचं. तू कप पाडायचास तेव्हा, दाराला आपटायचास तेव्हा. मीटिंगमध्ये माझ्याकडे मान वळवलीस, तेव्हासुद्धा. मी बघितलं, आणि वर तसं बोलले."

आतून कुणाचं तरी नाव पुकारलं, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत गेले.

"मग बोलायचं ना, ताई," तो म्हणाला. "एक बार बोलायचं ना."

रागावून नाही म्हणाला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हओ," तो म्हणाला. मग, "तुमचा नंबर आला. जा."

मी आत गेले, हनुवटी टेकवली. मला सगळे ठिपके दिसले. वरचे, खालचे, अगदी कडेचेही. बटण दाबता दाबता डोळे भरून आले, तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, रुकिए, आँखें पोंछ लीजिए, रिपोर्ट गलत आएगी."

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी जुन्या इंदूरला त्याच्याकडे जायला लागले. त्याची आई चहा ठेवायची आणि आत जायची. तो फोनला बोलायला लावून बसलेला असायचा. नव्या नव्या अ‍ॅपमधल्या चुका शोधायचा. "बटणाला नावच नाही दिलं, ताई. नुसतं 'बटण, बटण' म्हणतं. अंध माणसानं काय समजायचं?" अंध हा शब्द तो पहिल्यांदाच बोलला, आणि अगदी सहज बोलला. कंपन्यांना तो पत्रं पाठवायचा. दोन कंपन्यांची उत्तरं आली, एकीनं बटणाला नाव दिलं. त्या दिवशी त्यानं मला मुद्दाम फोन करून ते सांगितलं. त्या बाकावरच्या बोलण्याचा विषय मात्र आमच्यात परत निघाला नाही. मी दोनदा काढायला गेले, त्यानं दोन्ही वेळा दुसरंच काही सांगायला घेतलं.

गेल्या महिन्यात त्यानं इंदूर सोडलं. आईचे गुडघे चालत नाहीत, दोघांचं दोघांना होत नाही, म्हणून मानपूरला दिलेल्या त्याच्या बहिणीनं दोघांना बोलावून घेतलं. तिच्या नवऱ्याचं हायवेला मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, घर मागेच. मी सकाळी स्टँडवर गेले. वाटेत ट्रॅफिक लागला आणि मी पोचले तेव्हा बस फलाटावरून मागे निघत होती.

तो खिडकीशी बसला होता, पलीकडे आई. मी खिडकीच्या अगदी जवळ जाऊन हात हलवला. तो समोर बघत होता. मी बसच्या बाजूबाजूनं चालायला लागले आणि मोठ्यानं हाक मारली, इतक्या मोठ्यानं की फलाटावरचे लोक वळून बघायला लागले.

त्यानं ऐकलं. तो सावरून बसला आणि खिडकीकडे तोंड करून मान हळूहळू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेऊ लागला, मग परत फिरवून, जरा खाली. मी "इकडे, इकडे" म्हणत होते. बस गेटमधून रस्त्याला लागली तेव्हाही तो मला शोधतच होता.